‘संरक्षण’ कोणाचे? लोहमार्गावरील कामगार आणि नियमांची भाषा

भारतीय रेल्वेच्या १९७६ च्या सर्वसाधारण नियमांच्या प्रारंभी ज्या व्याख्या दिलेल्या आहेत त्यांत ‘अडथळा’ या शब्दाचीही व्याख्या आहे. मार्गावर असलेली अथवा मार्गाच्या आड येणारी गाडी, वाहन वा वस्तू, त्याचप्रमाणे गाड्यांना धोकादायक असणारी कोणतीही परिस्थिती, इतके सारे या एका शब्दाच्या पोटात घातलेले आहे. कायद्याच्या दृष्टीने व्याख्या चोख आहे. भाषेच्या अभ्यासकाला मात्र तीतील एका चतुर्थीपाशी थांबावेसे वाटते. धोका आहे तो गाड्यांना. रुळांच्या मधोमध वाकून खडी ठोकणारा, स्लीपरखाली पहार घालणारा किंवा सांध्याला तेल देणारा मनुष्य या वाक्यात कोठे आहे असे विचारले, तर तो ‘परिस्थिती’ या शब्दात आहे असेच उत्तर द्यावे लागेल. तो धोक्यात सापडलेला नाही. तो धोक्याचे कारण आहे.

ही एकाच व्याख्येची गोष्ट असती तर तिचा एवढा बाऊ करण्याचे कारण नव्हते. परंतु लोहमार्गाच्या परिभाषेत ‘प्रोटेक्शन’ म्हणजे संरक्षण हा जो शब्द पिढ्यान्‌पिढ्या वावरत आला आहे, त्याचे कर्म तपासले तर हाच प्रकार दिसून येतो. संरक्षण मार्गाचे, संरक्षण गाडीचे, संरक्षण वाटेत अडकून पडलेल्या डब्यांचे. ते देणारा कामगार, घेणारी गाडी. कामगार हा या क्रियापदाचा कर्ता होता. त्याचे कर्म होण्यास त्याला फार काळ लागला, आणि ते स्थित्यंतर पुरे झाले आहे असे आजही म्हणता येत नाही. ते कसे घडत गेले, आणि शब्दांच्या निवडीचा माणसांच्या जगण्यामरण्याशी कसा संबंध आला, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. विवेचन मुख्यतः भारत आणि ब्रिटन यांच्यापुरते ठेवले आहे. कारण आपली नियमावली, तिची परिभाषा आणि तीत जे सांगितलेले नाही तेही, पुष्कळ अंशी तेथूनच आलेले आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली, त्या वेळी ब्रिटनमध्ये मार्गाच्या देखरेखीची घडी बरीचशी बसलेली होती. तयार मार्गाला तेथे ‘पर्मनंट वे’, म्हणजे कायम मार्ग, असे म्हणत. बांधकाम चालू असताना माती-दगड वाहून नेण्यासाठी कंत्राटदार जो तात्पुरता मार्ग टाकीत असे, त्याहून निराळा, एवढाच त्या विशेषणाचा मूळ अर्थ. वस्तुतः हा कायम मार्ग हात लावल्याविना फार दिवस कायम राहत नाही. खडी खचते, रूळ सरकतात, खिळे-चाव्या ढिल्या होतात. म्हणून काही मैलांचा एकेक टप्पा एकेका टोळीकडे सोपविण्याची पद्धत पडली. ही पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी आली, आणि तिच्याबरोबर आलेल्या नावांनी मराठीत मोठी गमतीची वस्ती केली. टोळीला ‘गँग’ आणि तीतल्या माणसाला ‘गँगमन’ ही नावे इंग्रजीच राहिली. टोळीच्या प्रमुखाला नियमावली ‘मेट’ म्हणते. आमच्या बाजूला मात्र तो ‘मुकादम’ झाला. या अरबी शब्दाचा मूळ अर्थ ‘पुढे ठेवलेला’. दररोज आपला टप्पा पायी तपासून सुटलेली चावी हातोड्याने बसविणारा जो ‘कीमन’, तो ‘चावीवाला’. रूळ बैठकीत घट्ट धरणाऱ्या पाचरीला इंग्रजीत ‘की’ म्हणतात. तिचे भाषांतर करताना आपण पोर्तुगीजांकडून घेतलेला कुलपाच्या किल्लीचा शब्द वापरला, आणि त्याला ‘वाला’ जोडून माणूस तयार केला. एका सामान्य नोकराच्या नावात तीन भाषांचा व्यवहार झालेला आहे.

या टोळीच्या हाती संरक्षणाची जी साधने दिली त्यांकडे आता पाहावे. मुकादमाजवळ बावटे, रात्रीसाठी हातदिवे आणि फटाके असावेत असा दंडक आहे. फटाका म्हणजे रुळावर बांधावयाची, स्फोटक भरलेली चपटी डबी. चाक वरून गेले की ती फुटते आणि चालकाला पुढे धोका असल्याची खूण पटते. १८४० च्या सुमारास एडवर्ड काउपर या इंग्रज अभियंत्याने हे साधन धुक्यात संकेत दिसत नाहीत म्हणून योजिले. रूळ तुटलेला आढळला किंवा मार्गावर दरड आली, तर कामगाराने बावटा दाखवीत येणाऱ्या गाडीच्या दिशेने धाव घ्यावयाची, ब्रॉडगेज मार्गावर ६०० मीटर अंतरावर एक फटाका बांधावयाचा, आणखी पुढे जाऊन १२०० मीटरांवर दहा-दहा मीटरांच्या अंतराने तीन फटाके बांधावयाचे, आणि बावटा धरून उभे राहावयाचे. नियमावलीत ‘मार्गाचे संरक्षण’ म्हणून जे वर्णिले जाते ते हे. यात शौर्य आहे, आणि या नियमाने किती गाड्या वाचविल्या असतील याची गणती नाही. मात्र या साऱ्या मांडणीत कामगार गाडीकडे धावत जातो. गाडीपासून दूर होण्यासाठी त्याला काय साह्य आहे, याचा विचार त्या मांडणीच्या कक्षेत येत नाही.

पावसाळी गस्तवाल्याच्या कामात ही गोष्ट विशेष स्पष्ट होते. कोकण रेल्वेवर १९९८ पासून सलग वाहतूक सुरू झाली. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ कटिंगमध्ये दगड कोसळून गाडी घसरली आणि पन्नासावर माणसे मेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, करंजाडीजवळ तशीच दुर्घटना घडली. अशा प्रदेशात रात्रीच्या मुसळधार पावसात दिवा, फटाके आणि गस्तीची वही घेऊन एकटा चालणारा मनुष्य हाच गाडीचा खरा आधार असतो. तो गाडीला वाचवितो याविषयी दुमत नाही. तथापि कटिंगच्या दोन भिंतींमध्ये, पाण्याच्या आवाजात, मागून येणाऱ्या गाडीपासून त्याला कोण वाचविते? बोगद्यांतून भिंतीत ठरावीक अंतरावर माणूस उभा राहील एवढे कोनाडे ठेवलेले असतात, पुलांवर बाजूला मचाणे असतात. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरांचा आहे. तेथे हे कोनाडे नसते तर माणसाला आत पाऊल टाकता आले नसते. कामगारासाठीच म्हणून बांधलेली ही बहुधा सर्वांत जुनी सोय. परंतु कोनाडा उपयोगी पडतो तो गाडी येत आहे हे वेळेवर कळले तर.

हे वेळेवर कळविण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कायद्याने दिलेले उत्तर सरळ होते: ज्याची त्याची. १८३७ च्या एका निवाड्यापासून तेथे असे तत्त्व रूढ झाले, की एका नोकराच्या हयगयीमुळे दुसऱ्या नोकरास इजा झाली तर धनी त्याला जबाबदार नाही. कारण नोकरी पत्करताना सोबत्यांच्या चुकांचा धोकाही नोकराने पत्करलेला असतो. १८५० मध्ये हे तत्त्व रेल्वेच्या नोकरांना लावण्यात आले. याचा परिणाम असा, की इंजिनचालकाने शिटी दिली नाही आणि रुळावरचा मनुष्य मेला, तर दोघेही एकाच कंपनीचे चाकर असल्यामुळे विधवेला कंपनीकडून मागण्यासारखे काही उरत नसे. तोच चालक त्याच बेफिकिरीने एखाद्या प्रवाशाच्या मृत्यूस कारण झाला, तर कंपनी जबाबदार! ‘सोबती’ या शब्दाचा एवढा महाग अर्थ अन्यत्र क्वचितच लावला गेला असेल. इंजिनवर उभा असलेला आणि रुळावर वाकलेला, हे दोघे कदाचित जन्मात एकमेकांशी बोललेही नसतील.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये वर्षाकाठी पाचशेच्या आसपास रेल्वेनोकर कामावर मरत होते. यांत डबे जोडणारे होते, यार्डातील होते, आणि मार्गावर काम करणारे पुष्कळ होते. या प्रश्नाच्या चौकशीसाठी राजनियुक्त आयोग नेमला गेला, त्याच्या शिफारशींवरून १९०० चा अपघातप्रतिबंधक कायदा झाला आणि त्याखाली १९०२ मध्ये नियम करण्यात आले. त्यांतील नववा नियम आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. चालू मार्गावर वा मार्गालगत एकट्याने किंवा टोळीने काम करणाऱ्या माणसांच्या रक्षणाच्या हेतूने, जेथे धोका संभवतो अशा सर्व ठिकाणी, येणाऱ्या गाडीवर नजर ठेवण्यासाठी अथवा तिची सूचना देण्यासाठी कंपन्यांनी योग्य माणसे किंवा योग्य साधने पुरवावीत, असा त्याचा आशय आहे. येथे ‘रक्षण’ या क्रियेचे कर्म प्रथमच निःसंदिग्धपणे ‘माणसे’ असे झाले. त्यातही माणसे ‘किंवा साधने’ हा विकल्प १९०२ मध्येच घातलेला आहे, ही गोष्ट आज यंत्रांची नवलाई सांगणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

परंतु या नियमातच दोन पळवाटा शब्दरूपाने राहून गेल्या. ‘जेथे धोका संभवतो’ हे कोणी ठरवावयाचे? अर्थात कंपनीने, म्हणजे व्यवहारात त्या दिवशी काम उरकण्याची घाई असलेल्या मुकादमाने. दुसरी पळवाट अधिक सूक्ष्म होती. हे रक्षण सरसकट सर्व कामांना नव्हते. मार्ग ‘नव्याने टाकणे किंवा दुरुस्त करणे’ या हेतूने चाललेल्या कामापुरतेच ते होते. या दोन शब्दांचा अर्थ काय, याचा निकाल लागण्यास चव्वेचाळीस वर्षे जावी लागली.

तो खटला लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेविरुद्धचा होता आणि १९४६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याचा निर्णय दिला. रेल्वेचा एक कामगार सांध्यांच्या यंत्रणेला तेल घालीत असता गाडीखाली सापडून मेला होता. नजर ठेवणारा मनुष्य नेमलेला नव्हता. त्याच्या विधवेने नियमभंगाबद्दल नुकसानभरपाई मागितली. यंत्रणेला नेहमीप्रमाणे तेल देणे म्हणजे ‘दुरुस्ती’ होय की नव्हे, एवढ्याच एका प्रश्नावर सारे येऊन ठेपले. बहुमताचे म्हणणे असे पडले, की दुरुस्ती या शब्दात काहीतरी बिघडलेले आहे आणि ते नीट करावयाचे आहे असा भाव आहे. बिघाड होऊ नये म्हणून नित्य करावयाचे काम ही देखभाल, दुरुस्ती नव्हे. शिवाय नियम मोडणाऱ्याला दंड सांगितलेला असल्यामुळे त्याचा अर्थ काटेकोरपणेच केला पाहिजे. दोन न्यायमूर्तींचे मत विरुद्ध होते. विधवा हरली.

कोशकाराच्या भूमिकेवरून पाहिले तर बहुमत चुकले असे म्हणणे कठीण आहे. मराठीतही आपण हाच भेद करतो. ‘दुरुस्त’ हा फारसी शब्द ‘बरोबर, ठीक’ या अर्थाचा. जे ठीक नाही ते ठीक करणे ती दुरुस्ती. घड्याळाला चावी देणाऱ्याला आपण घड्याळ दुरुस्त करणारा म्हणत नाही. पण शब्दार्थ बरोबर असूनही अर्थनिर्णय चुकीचा असू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण विद्यार्थ्यांना देता येणार नाही. नियमाच्या आरंभी हेतू सांगितलेला आहे: माणसांचे रक्षण. गाडीखाली सापडण्याचा संभव तेल देणाऱ्याला आणि रूळ बदलणाऱ्याला सारखाच. किंबहुना तेल देणाऱ्याला अधिक, कारण तो एकटा असतो आणि त्याच्या कामाचा गाजावाजा नसतो. शब्दाला त्याच्या वाक्यापासून आणि वाक्याला त्याच्या हेतूपासून तोडले, की कोश जिंकतो. माझा कल येथे विरुद्ध मताच्या न्यायमूर्तींकडे आहे, हे सांगून टाकतो. ज्या ‘सोबती’ तत्त्वाचा वर उल्लेख केला ते ब्रिटनमध्ये १९४८ च्या कायद्याने रद्द झाले.

भारतात कायद्याने निराळी वाट धरली. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने धन्याची हयगय सिद्ध करण्याची अट काढून टाकली. अपघात नोकरीच्या ओघात आणि नोकरीमुळे घडला एवढे पुरे झाले. १९३८ च्या दुसऱ्या एका कायद्याने ‘सोबती’ तत्त्वाची धार पुष्कळशी बोथट केली. विधवेच्या दृष्टीने ही व्यवस्था इंग्लंडमधील तत्कालीन स्थितीपेक्षा बरी होती, यात शंका नाही. परंतु भरपाई ही मृत्यूनंतरची गोष्ट. ती मृताचे मोल ठरविते, नजर ठेवणारा मनुष्य नेमून देत नाही. मार्गविभागाच्या नियमपुस्तकांत अशा माणसाचा, म्हणजे ‘लुकआउटमन’चा, उल्लेख आहे, वळणावर किंवा दृष्टी पोहोचत नाही तेथे तो ठेवावा असे सांगितलेले आहे. मराठीत त्याला आजवर स्वतंत्र नाव मिळालेले नाही, ही गोष्ट सूचक वाटते. चावीवाला आहे, फाटकवाला आहे, सांधेवाला आहे, खलाशी आहे. ज्या कामाचा मनुष्य नित्य डोळ्यांपुढे असतो त्याला लोक नाव दिल्यावाचून राहत नाहीत.

या माणसाचे काम केवढे अवघड आहे हे साध्या गणिताने कळते. सरळ मार्गावर एक किलोमीटरवरून गाडी दिसते असे धरू. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी तेथून आपल्यापाशी येण्यास ६० सेकंद घेते. वेग १३० असेल तर २८ सेकंद, १६० असेल तर २२ ते २३ सेकंद. वळणावर दृष्टी ३०० मीटरच पोहोचत असेल, तर १३० च्या वेगाला ८ सेकंदच उरतात. ब्रिटिश नियमाप्रमाणे गाडी येण्यापूर्वी किमान १० सेकंद आधी कामगार सुरक्षित जागी पोहोचलेला असावा लागतो. म्हणजे अशा वळणावर गाडी दिसण्याआधीच तो बाजूला झालेला असला पाहिजे! आणि त्याआधी त्याने इशारा ऐकावयाचा, हातातील पहार मार्गाबाहेर टाकावयाची, खडीवरून पाय सावरीत कडेला जावयाचे. ज्यांनी खडीवरून चालून पाहिले आहे त्यांना हे सेकंद किती तोकडे आहेत हे सांगावयास नको.

पूर्वी कानांची मदत होती. वाफेचे इंजिन दुरून धापा टाकीत येई. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत विजेची गाडी सुरू झाली, आणि १९९५ च्या अखेरीस भारतातील ब्रॉडगेजवरून वाफेची नियमित वाहतूक संपली. प्रवाशाच्या दृष्टीने धूर गेला. रुळावरच्या माणसाच्या दृष्टीने एक पहारेकरी गेला. विजेची गाडी वाफेच्या मानाने निःशब्द येते, आणि कामाचे स्वरूप बदलून हाती गोंगाट करणारी यंत्रे आल्यामुळे उरलासुरला आवाजही बुडतो. दुहेरी मार्गावर आणखी एक सापळा आहे. एका मार्गावर गाडी आली म्हणून माणसे बाजूला होतात ती सवयीने दुसऱ्या मार्गावर. पहिल्या गाडीच्या आवाजात दुसरीचा आवाज ऐकू येत नाही. कडेलाच जावे, शेजारच्या मार्गावर उभे राहू नये, ही शिकवण त्यामुळेच टोळ्यांना पुनःपुन्हा द्यावी लागते.

३ जुलै २०१९ रोजी वेल्समधील मार्गम येथे दोन कामगार गाडीखाली मेले. त्या अपघाताचा अधिकृत चौकशी अहवाल या साऱ्या गोष्टींचा जणू संग्रह आहे. तिघे जण चालू मार्गावरील सांध्यापाशी काम करीत होते. नजर ठेवण्यासाठी रीतसर नेमलेला मनुष्य तेथे नव्हता. एकाच्या हातात कर्कश यंत्र होते आणि त्यामुळे तिघांनीही बहुधा कानांवर आवाजरोधक घातलेले होते. तिघेही कामात गढून गेलेले होते. चालकाने भोंगा वाजविला. तो पोहोचला नाही. कानांच्या रक्षणासाठी दिलेल्या साधनाने प्राणांच्या रक्षणाचा आवाज अडविला. १९०२ चा नियम होऊन ११७ वर्षे लोटलेली होती. या अपघातानंतर ब्रिटनमध्ये माणसाच्या नजरेवर विसंबून चालू मार्गावर काम करण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर कमी करण्यात आली.

अमेरिकेच्या संघीय रेल्वे प्रशासनाचा नियम १५ जानेवारी १९९७ पासून अंमलात आला. त्याची रचना भाषेच्या दृष्टीने मुद्दाम पाहण्यासारखी आहे. त्यात आरंभापासून कामगार हाच विषय आहे. जवळच्या रुळापासून बाहेरच्या बाजूस चार फुटांच्या आत मनुष्य आला की त्याने मार्ग ‘व्यापला’ असे समजावे आणि तेव्हापासून त्याच्या सुरक्षिततेची व्यवस्था असलीच पाहिजे, अशी त्याची धाटणी आहे. काम दुरुस्तीचे की तेल देण्याचे, हा प्रश्नच येथे उद्भवत नाही. माणूस कोठे उभा आहे एवढेच मोजावयाचे. योजलेले उपाय नियमाप्रमाणे नाहीत असे प्रामाणिकपणे वाटल्यास ते काम नाकारण्याचा हक्कही कामगाराला दिलेला आहे. १९४६ च्या निकालाला शब्दांनी दिलेले याहून नेमके उत्तर माझ्या पाहण्यात नाही.

इशारा कितीही चांगला असला तरी तो येणाऱ्या गाडीचाच असतो. गाडी येऊच न देणे हा वेगळा मार्ग, आणि त्याचे नाव आपल्या कानांना चांगलेच परिचित आहे: ब्लॉक. मूळ अर्थ अडविणे. एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी असावी, दुसरी आत सोडू नये, ही जी पद्धत ब्रिटनमध्ये १८८९ च्या कायद्याने सक्तीची झाली तिच्यातील हा शब्द. मार्गावर काम करण्यासाठी ब्लॉक घेणे याचा अर्थ असा, की त्या टप्प्यात जणू एक गाडी उभी आहे असे समजून स्टेशनमास्तराने दुसरी सोडावयाची नाही. कामगारांना पूर्ण संरक्षण मिळाले ते त्यांना गाडीचा दर्जा मिळाला तेव्हा. इंग्लंडमध्ये याच व्यवस्थेला ‘पझेशन’, म्हणजे ताबा, असे म्हणतात. दोन शब्दांतील दृष्टिभेद लहान नाही. ताबा हा घेणाऱ्याच्या बाजूने बोलतो, ब्लॉक हा ज्याची गाडी अडली त्याच्या बाजूने. मुंबईकरांनी त्याला ‘मेगा’ हा उपसर्ग लावला आणि रविवारच्या वृत्तपत्रांत तो प्रवाशांच्या हालअपेष्टांचा पर्याय होऊन बसला. ज्या चार-पाच तासांत काही शेकडा माणसे निर्धास्तपणे रुळावर वाकू शकतात, त्या तासांचे सार्वजनिक नाव गैरसोयीचे आहे. गाड्यांची संख्या वाढली की असे तास मिळणे कठीण होते. मग पुष्कळसे काम दोन गाड्यांच्या मधल्या फटीत, बावट्याच्या आणि कानांच्या भरवशावर उरकावे लागते.

ताबा मिळाला म्हणजेही सर्व काही झाले असे नाही. १५ फेब्रुवारी २००४ रोजी इंग्लंडमधील टीबे येथे चार कामगार मेले, ते प्रवासी गाडीखाली नव्हे. दूरच्या कामाच्या जागेवरून उतारावर सुटलेला, रूळ लादलेला गाडा त्यांच्यावर आला. आपल्याकडे १३ फेब्रुवारी २०२३ रोजी पहाटे नाशिक जिल्ह्यात लासलगावजवळ विद्युततारांच्या देखभालीच्या टॉवर वॅगनखाली चार ट्रॅकमन ठार झाले. ते वाहन मार्गाच्या नेहमीच्या दिशेच्या उलट येत होते, असे त्या वेळच्या वृत्तांत म्हटले होते. नियमावलीत ‘गाडी’ची व्याख्या करताना, रुळावरून सहज उचलून बाजूला ठेवता येणार नाही असे स्वयंचलित वाहनही तीत धरलेले आहे, त्यामुळे टॉवर वॅगन ही व्याख्येने गाडीच. परंतु रुळावरच्या माणसाच्या मनातील ‘गाडी’ ही वेळापत्रकाची असते, ठरलेल्या दिशेने येणारी असते. तो एका बाजूला पाहत असतो. व्याख्या दोन्ही बाजूंनी येते. पुढल्या वर्षी, २२ जानेवारी २०२४ रोजी रात्री, वसई रोड आणि नायगाव यांच्या दरम्यान संकेत विभागाचे तिघे कर्मचारी बिघडलेल्या सांध्याच्या कामासाठी गेले असता लोकल गाडीखाली मेले. हे काम निर्विवादपणे ‘दुरुस्ती’चे होते.

डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षा पुनर्विलोकन समितीने २०१२ मध्ये जो अहवाल दिला, त्यात २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११ पर्यंत सुमारे १६०० रेल्वे कर्मचारी कामावर असताना मृत्यू पावले आणि सुमारे ८७०० जखमी झाले असे नमूद आहे. हे सारेच मार्गावरचे नव्हते. तरीही गाड्यांच्या अपघातांची जशी चर्चा होते तशी या आकड्यांची झाली नाही, कारण हे मृत्यू एकेकट्याने, दोन-दोन करून, निरनिराळ्या टप्प्यांवर घडतात, आणि रेल्वेच्या भाषेत ‘अपघात’ म्हणजे प्रथमतः गाडीला झालेला अपघात.

याच सुमारास ‘गँगमन’ हे नाव मागे पडून ‘ट्रॅकमन’ आणि नंतर ‘ट्रॅक मेंटेनर’ असे पदनाम आले. मेंटेनर म्हणजे देखभाल करणारा. १९४६ मध्ये ज्या शब्दाने कामगार रक्षणाच्या बाहेर ठेवला गेला, तोच आता त्याच्या पदाचा शब्द आहे. त्याच्या अंगावर बाळगावयाचे ‘रक्षक’ नावाचे एक साधनही अलीकडच्या वर्षांत काही विभागांत आले आहे: गाडी टप्प्यात येत असल्याची वर्दी स्थानकावरून बिनतारी लहरींनी पोहोचते आणि ते आवाजाने, प्रकाशाने व कंपनाने इशारा देते. कानांवर आवाजरोधक असला तरी कंपन जाणवते, हा त्याचा मोठा गुण. मात्र संकेतयंत्रणेला ज्या गाडीची खबर आहे तिचीच वर्दी असे साधन देऊ शकते. उतारावरून सुटलेला गाडा, किंवा विरुद्ध दिशेने आलेले देखभालीचे वाहन, यांची खबर त्याला कोणत्या मार्गाने द्यावयाची, या प्रश्नावर अभियंत्यांचे काम चालू राहील. आणि त्या वाहनांना ‘गाडी’ म्हणावयाचे की ‘अडथळा’, हा आमच्या शास्त्राचा प्रश्न त्याला लागूनच आहे.